दिवसा कमावतो, रात्री उडवतो

गाडी सुरू न होणं एक वेळ परवडतं, ती सुरू होत नाही हे सोसायटीला कळणं परवडत नाही. नाशिकच्या डिसेंबरात सकाळी किल्ली फिरवली, बॉनेटखालून नुसतं टक-टक-टक आलं, डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणले आणि मी मान वर करेपर्यंत कानटोप्या घातलेली पाच-सहा माणसं गाडीभोवती उभी होती.

"बॅटरी बसली," वॉचमनमामा म्हणाले.

"डायनॅमो," वीज मंडळातून निवृत्त झालेले काका म्हणाले. गाड्यांमधून डायनॅमो जाऊन त्या जागी अल्टरनेटर येऊन कित्येक दशकं लोटली, पण काकांच्या तोंडून तो अजून गेलेला नाही. ज्यांना यातलं काहीच कळत नव्हतं त्यांनी "पेट्रोल आहे ना?" हे विचारून घेतलं.

खरं तर हिशेब सोपा असतो. अल्टरनेटर कमावतो, बॅटरी साठवते. घरात तंगी आली, तर पगार थांबलाय की पाकीट फाटलंय, एवढंच बघायचं. गाडी बंद असताना बॅटरीला मल्टिमीटर लावायचा. १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले तर भरलेली, १२ च्या खाली गेली तर ठणठणाट. मग इंजिन चालू करून पुन्हा बघायचं. १३.८ ते १४.४ दिसले की पगार वेळेवर होतोय. आकडा बारा-साडेबारावरच घुटमळला, तर अल्टरनेटर, त्याचा बेल्ट किंवा वायरिंग यांच्याकडे वळायचं. असा मल्टिमीटर तीन-चारशे रुपयांत येतो, पण तो खिशातून काढणाऱ्या माणसाला सोसायटी माफ करत नाही. सगळ्यांची मतं व्हायच्या आत आकडा बघणं म्हणजे मोठ्यांचा अपमान.

काकांची पद्धत वेगळी. "इंजिन चालू ठेव आणि बॅटरीची एक वायर काढ. गाडी बंद पडली तर डायनॅमो गेला." त्यांच्या जमान्यातल्या गाड्यांना हे पचत असेल. आजच्या गाडीत चालू इंजिनावर बॅटरी सोडवली की व्होल्टेज एकदम उसळतं आणि इंजिनाचा कॉम्प्युटर जळू शकतो. पण काकांच्या हातात दहाचा पाना आलेला होता. मी बॉनेट आणि काका यांच्या मधे उभा राहिलो आणि "आधी धक्का मारू या" म्हणालो. धक्का मारायचा म्हटल्यावर निम्मी गर्दी ओसरली.

बॅटरीवाल्याने टेस्टर लावला आणि दुःखद बातमी देतात तशा आवाजात म्हणाला, "सर, सेल डाऊन आहे." नवी लगेच घ्या म्हणाला. मी खात्री करू या म्हटलं, तेव्हा त्याने नाइलाजाने स्टँडबाय बॅटरी बसवून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तीही टक-टक. "मग अल्टरनेटरच," तो म्हणाला. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनने गाडी चालू करून मीटर लावला. १३.९. "चार्जिंग एकदम ओके. बॅटरी बदला." दोघांनी मला एकमेकांच्या दारात असं काही फिरवलं की तलाठी कार्यालयाची आठवण व्हावी. आणि गंमत म्हणजे दोघंही खोटं बोलत नव्हते.

शेवटी मेव्हण्याच्या ओळखीचे एक जुने मिस्त्री सकाळी सकाळी आले. किल्ली मागितली नाही, मीटर काढला नाही. बॉनेट उघडून अल्टरनेटरवर तळवा ठेवला. "हात लावा, साहेब." बॉनेटवर दहिवर साचलेलं, इंजिन थंडगार आणि रात्रभर बंद असलेल्या गाडीतला अल्टरनेटर चक्क कोमट.

मग त्यांनी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून मधे मीटर जोडला. बंद गाडीने घड्याळ, अलार्म असल्या फुटकळ गोष्टींसाठी साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंत करंट घ्यावा. आमची जवळजवळ ३ अँपिअर ओढत होती. माझी बॅटरी ३५ अँपिअर-अवरची, म्हणजे एका रात्रीत कारभार आटोपला. एकेक फ्यूज काढून पाहिला, आकडा ढिम्म. मग मीटर सोडवून अल्टरनेटरची जाड वायर काढली, मीटर पुन्हा जोडला, आणि आकडा शून्याजवळ.

अल्टरनेटरमध्ये तयार होतो तो एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारा करंट. त्यातले डायोड त्याचा डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा करंट करतात आणि बॅटरीतला करंट उलटा आत येऊ देत नाहीत. त्यातला एक डायोड लीक झाला होता. म्हणजे कमावता गडी दिवसभर इमानेइतबारे पगार घरात आणत होता आणि सगळे झोपले की तेच पाकीट घेऊन गुत्त्यावर जात होता. मीटर लावणारे त्याला फक्त दिवसा भेटत होते.

मिस्त्रींनी डायोडची प्लेट बदलली. माझी बॅटरी मात्र रोज तळापर्यंत उपसली जाऊन खरोखरच कामातून गेली होती, त्यामुळे बॅटरीवालाही जिंकला. जुनीचे पैसे वजा करून त्याने नवी बसवली, कार्डावर शिक्का मारला आणि "आता बघायलाच नको" म्हणाला. काकांनी "मी डायनॅमो म्हटलंच होतं" हे तिन्ही मजल्यांवर सांगून घेतलं.

मी किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू. काका खिडकीशी वाकले, कान दिला आणि म्हणाले, "सेल्फ जरा जड वाटतोय का रे?"