खुलासा : माकडांवरचा ‘तो’ प्रयोग मागे घेतलेला आहे

‘एक्स्टसीच्या एका रात्रीच्या नशेने मेंदूतल्या डोपामिन पेशी मरतात, पार्किन्सन्स होतो, माकडांवर सिद्ध झालंय’ हा मेसेज फिरतोय. (एक्स्टसी म्हणजे पार्ट्यांत घेतली जाणारी नशेची गोळी, डोपामिन म्हणजे हालचालींसाठी लागणारं मेंदूतलं रसायन, पार्किन्सन्स म्हणजे कंपवात.) मीही तो पुढे ढकलला होता, चुकलंच. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा मूळ शोधनिबंध २००२ साली ‘सायन्स’मध्ये आला. पण २००३ मध्ये संशोधकांनीच तो मागे घेतला. तसं निवेदन त्याच नियतकालिकात छापलंय. कारण? बाटल्यांवरची लेबलं चुकली होती! एक वगळता सगळ्या माकडांना एक्स्टसीऐवजी मेथॅम्फेटामिन (मेथ) हे दुसरंच नशेचं द्रव्य टोचलं गेलं. हे मेथ डोपामिन पेशींच्या टोकांत शिरतं, तिथला साठा बाहेर लोटतं आणि ती टोकंच खराब करतं. एक्स्टसी निर्धोक नाहीच, अंग तापून जिवावर बेतू शकतं. पण पार्किन्सन्सचा मेसेज कृपया पुढे पाठवू नका. माझा मी डिलीट केलाय.