नवटाक पाऊस

तांदळातला खडा दाताखाली येण्याआधी बोटाला लागला पाहिजे. सिनेमाच्या संहितेचं ब्रेकडाऊन, म्हणजे कुठल्या सीनला काय काय लागेल ते वेचून काढणं, हेही असंच निवडण-टिपण. फरक एवढाच, की इथले खडे लेखकाने हौसेने पेरलेले असतात आणि नजरेतून सुटलेला खडा शूटिंगच्या दिवशी सगळ्या युनिटसमोर माझ्याच दाताखाली कचकन येतो.

हा एक नमुना घ्या. ‘सीन १७. बाह्य. वाड्याचं अंगण. रात्र. पाऊस. आजोबा ओसरीवर चहा पीत बसलेत. दारावरून वरात जाते. बंड्या भिजत येतो.’ संपलं. लेखक हात धुऊन मोकळा.

हिशेबासाठी आम्ही पानाचे आठ भाग करतो. शेराचा आठवा भाग म्हणजे नवटाक, तसा हा सीन पानाचं नवटाक. एका पानाला एक मिनिट या नियमाने पडद्यावर सात-आठ सेकंद. पण तो नियम कुरिअर फॉण्टात, बारा पॉइंटात, ठरावीक समास सोडून टाइप केलेल्या पानाचा आहे. मराठी संहिता ज्या फॉण्टात आणि ज्या मूडमध्ये येते, तिला तो लागू करणं म्हणजे पायलीने कापड मोजणं. म्हणून मी संहिता मोठ्याने वाचतो, घड्याळ लावून. घरातले सवयीने दार ओढून घेतात.

पहिलं वाचन पेन्सिल न घेता करायचं. पहिल्याच फेरीत खुणा करत बसलं तर गोष्ट कळत नाही, नुसती वाणसामानाची यादी होते. रंग दुसऱ्या फेरीला. कलाकार लाल, गर्दी हिरवी, स्टंट नारिंगी, हँड प्रॉप (पात्रांच्या हातातल्या वस्तू) जांभळे, प्राणी आणि वाहनं गुलाबी, खास आवाज तपकिरी. तपकिरी हायलायटर स्टेशनरीच्या दुकानात कोणी मागत नाही, म्हणून कोणी ठेवतही नाही. मी लहान मुलांच्या रंगपेटीतली पेन्सिल वापरतो. बारापैकी तीच शेवटपर्यंत लांब राहिलेली असते.

खरं काम मात्र न लिहिलेल्या शब्दांचं. ‘चहा पीत’ या दोन शब्दांत कप, बशी, चहा, तो गरम ठेवायला थर्मास आणि तो आणून देणारे स्पॉटदादा असतात. लांबून घेतलेला वाइड शॉट एक, जवळून घेतलेले क्लोज दोन, प्रत्येकी चार टेक: बारा कप. आजोबांची भूमिका करणाऱ्यांना साखर चालत नसेल तर बाराही बिनसाखरेचे. कप एकाच नक्षीचे चार हवेत, कारण एक फुटतोच. कपातली पातळी कुठल्या वाक्याला किती होती हे कंटिन्युइटीने, म्हणजे शॉटमागून शॉटचा मेळ सांभाळणाऱ्याने, लिहून ठेवायचं, नाहीतर एडिटमध्ये आजोबा पितात आणि चहा वाढतो.

मग वरात. नवरदेव आला म्हणजे घोडा आला, आणि घोडा आला म्हणजे अर्ज आला. प्राणी कॅमेऱ्यासमोर आणायचा तर भारतीय पशू कल्याण मंडळाची परवानगी आधी लागते. मंडळाचं कार्यालय हरियाणात, बल्लभगडला. वाड्याच्या दारावरून जायचंय, पण कागद तिकडून फिरून येणार. ‘सर, नवरदेव गाडीतून गेला तर?’ हा प्रश्न इथेच विचारायचा, घोडा दारात आल्यावर नाही. बँड दिसायला सोपा, पण तो कोणाचं गाजलेलं गाणं वाजवायला लागला की त्याचे हक्क विकत घ्यायची पाळी येते. म्हणून बँडला नुसते गाल फुगवायला सांगायचं आणि वाजवायचं ते नंतर आपल्या संगीतकाराने. ही ओळ मी सीनच्या ब्रेकडाऊन शीटवर दोनदा लिहितो, कारण बँडवाल्यांना गप्प बसवणं घोड्याला बसवण्याहून अवघड.

बंड्या दहा वर्षांचा. म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला जास्तीत जास्त पाच तास काम, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांच्या वर नाही. त्याचे शॉट आधी उरकायचे. ‘भिजत येतो’ म्हणजे प्रत्येक टेकला कोरडा सदरा. चार टेकचे चार, आणि पुढच्या सीनला तो ओलाच घरात शिरतो त्याचा पाचवा. पाचही एकाच दिवशी, एकाच दुकानातून. पाचवा नंतर आणायला गेलं की त्या चौकड्यातली निळी रेघ कंपनीने नेमकी बंद केलेली असते. सीन १८ आठ दिवसांनी स्टुडिओत असला तरी कथेत तो त्याच रात्रीचा. शीटवर ‘कथेतला दिवस ३’ लिहिलं नसेल, तर अंगणात चिंब झालेला बंड्या उंबरठा ओलांडताच कोरडा होतो. तीच गत पावसाची. अंगणात पडला की सीन १८ च्या खिडकीबाहेरही पडला पाहिजे.

आणि पाऊस. खरा पाऊस कॅमेऱ्याला धड दिसत नाही, शिवाय ‘कट’ ऐकत नाही. खोटा पाऊस दिसायला मागून लाईट लागतो. दहा हजार लिटरचा टँकर, पंप, पाइप, आधी अंगण भिजवून घ्यायचा वेळ, केबल झाकायला प्लॅस्टिक. पंपाच्या आवाजात संवाद गेले, म्हणजे डबिंग. सात सेकंदांना अख्खी रात्र. शेड्यूल करणाऱ्याने नुसतं नवटाक वाचलं तर त्याच रात्रीत आणखी चार सीन कोंबतो, आणि पहाटे सगळे माझ्याकडे बघतात.

मी लेखकाला फोन करतो. ‘सर, पाऊस हवाच का?’

‘अहो, पाऊस म्हणजे आजोबांचं एकटेपण आहे.’

ब्रेकडाऊन शीटवर एकटेपणाचा रकाना नसतो. मी ते ‘स्पेशल इफेक्ट’मध्ये लिहितो, पुढे ‘टँकर १’. ती शीट निर्मात्यांकडे जाते.

तिसऱ्या दिवशी बदल येतो. संहिता लॉक झालेली असल्यामुळे नंबर सरकवायचे नाहीत. एक सरकला की कपड्यांच्या पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या, क्लॅप, एडिटरची नोंद सगळंच एकेक घर चुकतं. म्हणून १७ तसाच राहतो, पुढे ‘रद्द’ लिहून. खाली नवा १७-अ: ‘आंतर. माजघर. रात्र. आजोबा चहा पितात. लांबून वरातीचा बँड. बाहेर पाऊस, नुसता आवाज.’

मी रंगपेटीतून ती लांब पेन्सिल काढतो आणि टोक करायला घेतो.