एक इन्स्ट्रक्शन, दोन पेजेस : एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार.

व्हर्च्युअल मशिनमधील एमएमआयओवरच्या (म्हणजे डिव्हाइसची रजिस्टरे मेमरीसारखीच पत्त्यांवरून वाचण्या-लिहिण्यावरच्या) माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. नीट लिहिलेला कोणताही ड्रायव्हर पेजची (मेमरीच्या ठरावीक आकाराच्या भागाची) सीमा ओलांडून रजिस्टरला हात लावत नाही, म्हणून असा ॲक्सेस दोन तुकड्यांत विभागणे हा वेळेचा अपव्यय असून पहिल्या पेजचे ट्रान्सलेशन (व्हर्च्युअल पत्त्यावरून फिजिकल पत्ता काढणे) पुरेसे आहे, हा पहिला. आणि दुसरा तुकडा अडलाच तर इन्स्ट्रक्शन पहिल्यापासून पुन्हा चालवावी, हा दुसरा. ड्रायव्हरविषयीचे आपले निरीक्षण मला मान्य आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र मान्य नाही.

गेस्ट, म्हणजे व्हर्च्युअल मशिनमध्ये चालणारी प्रणाली, सभ्यपणे वागेल असे तिला चालवणाऱ्या हायपरवायझरला गृहीत धरता येत नाही. समजा, गेस्टमधील एखाद्या प्रोग्रामने पेजमधील ४०९४ क्रमांकाच्या बाइटपासून चार बाइट लिहिले. ४०९६ बाइटच्या त्या पेजमध्ये यातले दोनच मावतात. उरलेले दोन पुढच्या व्हर्च्युअल पेजवर पडतात, आणि ते पेज फिजिकल मेमरीतही शेजारीच असेल याची काहीही शाश्वती नसते. मुळशीत एकाच कुंपणाच्या आत दोन गट आले, तरी सातबारे दोन निघतात आणि त्यांवरची नावे निराळी असू शकतात, तसेच हे आहे. पहिल्याच पेजचे ट्रान्सलेशन पुढे ओढले, तर ज्या पेजवर त्या प्रोग्रामला अधिकार नाही तिथे हायपरवायझर त्याच्या वतीने लिहून मोकळा होईल. केव्हीएम या लिनक्समधील हायपरवायझरच्या एक्स८६ कोडमध्ये पहिल्या आणि शेवटच्या बाइटच्या पत्त्यांचा एक्सऑर घेऊन त्याला पेज मास्क लावला जातो, म्हणजे ते दोन्ही एकाच पेजवर आहेत का हे पाहिले जाते, ते याचसाठी. गेस्टमधून बाहेर पडून युजरस्पेसपर्यंत, म्हणजे डिव्हाइसची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामपर्यंत, जाऊन येण्यात हजारो सायकल जात असताना या तपासणीचा खर्च मोजण्यात अर्थ नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. रॅम दोनदा वाचली तरी बिघडत नाही. डिव्हाइस वाचणे ही मात्र कृती असते. ई१००० नेटवर्क कार्डातील इंटरप्ट कॉज रजिस्टर (इंटरप्ट, म्हणजे कार्डाने प्रोसेसरला दिलेली हाक, कशामुळे आला हे सांगणारे) वाचताच पुसले जाते. ते पेजच्या कडेला नाही हे खरे, परंतु तशा वर्तनाचे रजिस्टर कडेला असेल आणि आपण इन्स्ट्रक्शन पुन्हा चालवली, तर दुसऱ्या वेळी शून्य हाती येईल आणि आलेला इंटरप्ट कायमचा हरवेल. केव्हीएमही वाचनाच्या वेळी इन्स्ट्रक्शन पुन्हा चालवतोच, परंतु त्याआधी तुकड्यांची नोंद करून (त्यांची कमाल संख्या दोनच ठेवलेली आहे) ते युजरस्पेसकडे एकामागून एक पाठवतो आणि मिळालेली उत्तरे जपून ठेवतो. पुन्हा चालवताना तो डिव्हाइसला न विचारता जपलेले उत्तरच वापरतो. आपल्या सूचनेत ही जपणूक नाही.

आपल्या टीकेमुळे माझ्या दोन चुका मात्र लक्षात आल्या. असा ॲक्सेस ‘अविभाज्य’ राहतो असे मी लिहिले होते. पेजची सीमा ओलांडल्यावर प्रत्यक्ष प्रोसेसरही तशी हमी देत नाही, त्यामुळे तो शब्द मी काढला आहे. शिवाय कोथरूडमधील घरच्या मशिनवर मी जो छोटा हायपरवायझर चालवतो, त्यात दुसऱ्या पेजचे ट्रान्सलेशन तपासण्याआधीच पहिला तुकडा लिहिला जात होता. आता दोन्ही पेजेस आधी तपासली जातात आणि दुसऱ्यावर पेज फॉल्ट (ते पेज वापरता येत नसल्याची सूचना) आला, तर पहिल्यावर एकही बाइट पडत नाही. ती चाचणी मी काल रात्री वरच्याच चार बाइटच्या उदाहरणावर करून पाहिली.