रकाना नंबर २१४

भाषांतराची कामं करते म्हटलं की लोक हमखास विचारतात, सगळ्यात अवघड काय असतं? कायदा? कविता? त्यांना वाटतं मी शेक्सपिअर वगैरे म्हणेन. खरं उत्तर आहे, एकटा शब्द. वाक्यातला शब्द लग्नाच्या पंगतीतल्या पाहुण्यासारखा असतो, शेजारी कोण बसलंय त्यावरून तो वरपक्षाचा की वधूपक्षाचा ते कळतं. एकटा शब्द म्हणजे भर दुपारी दाराशी उभा राहून नुसतं हसणारा माणूस.

परवा अशीच एक एक्सेलची फाइल आली. कुठल्याशा खरेदीच्या ॲपमधले सहाशे-सातशे शब्द, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठीसाठी रिकामे रकाने. पाठवणाऱ्याने माझी सोय म्हणून सगळे शब्द एबीसीडीच्या क्रमाने लावून दिले होते. अख्खं लग्नाचं जेवण मिक्सरमधून काढून वर विचारावं, यातलं अळूचं फदफदं कुठलं ते सांगा, तसला प्रकार. तरी दोनशे तेरापर्यंत मी बरी चालले होते. २१३ लिमिट, २१५ लिंक. आणि मध्ये, २१४ : लाइन.

बस. मागे नाही, पुढे नाही. लाइन.

मी उत्साहाने कागदावर लिहायला घेतलं. ओळ. रांग. रेघ. रेषा. तार. मार्ग. वाहिनी. आमच्या भाषेने एवढी खोल्याखोल्यांची व्यवस्था केलेली आणि इंग्रजीचा आपला एकच हॉल, सगळे तिथेच झोपणार. पुढे विचार करत गेले तर हॉल आणखीच भरला. लहानपणी मला वाटायचं मरीन लाइन्स म्हणजे समुद्राची रेघ, स्टेशनच्या बाजूलाच तर समुद्र आहे. पुष्कळ उशिरा कळलं की त्या लाइन्स म्हणजे इंग्रजांच्या काळातली सैनिकांची वसाहत, पोलीस लाइनमध्ये जी लाइन आहे तीच. नागपूरच्या सिव्हिल लाइन्सही त्याच गोतातल्या. म्हणजे लाइन हे राहण्याचं ठिकाणसुद्धा.

इंग्रजांच्या मोठ्या ऑक्सफर्ड कोशात 'रन' या क्रियापदाचे ६४५ अर्थ भरले, असं त्याच्या संपादकांनी मोजून सांगितल्याचं २०११ साली वाचलं होतं. तेव्हा मी हसले होते. आता म्हटलं, निदान त्यांना मोजायला पगार तरी मिळतो.

ज्याने फाइल पाठवली त्यालाच विचारावं म्हणून मेल लिहिला, पाठवायचं बटण दाबलं आणि चक्र फिरत राहिलं. नेट गेलं होतं. काम संध्याकाळी पाचपर्यंत द्यायचं होतं, आणि मोबाइलचं नेट आमच्या डोंबिवलीच्या घरात फक्त ओट्यावरच्या खिडकीत येतं, तेही शेजारच्यांचा कुकर त्यांच्या मर्जीने लागला तर.

नेटवाल्याला फोन लावला.

"मॅडम, तुमच्या एरियात लाइन डाउन आहे."

"मग कुणाला तरी पाठवा ना."

"पोरगा लाइनवरच आहे."

हा लाइनवरचा पोरगा म्हणजे काम करत बाहेर फिरणारा, फोनवरचा नव्हे, हे मला अनुभवाने ठाऊक आहे. तरी खात्री करावी म्हणून हेल्पलाइनला फोन केला. तिथली बाई गोड आवाजात म्हणाली, कृपया लाइनवर राहा. मी लाइनवर, पोरगा लाइनवर, आणि जिच्यासाठी हे सगळं चाललंय ती लाइन जमिनीवर आडवी. थोड्या वेळाने मेसेज आला. मराठीत होता, त्यांच्या भाषांतरकाराचा एक काना वाटेत सांडला होता : 'आपली वहिनी आज सायंकाळपर्यंत दुरुस्त करण्यात येईल.' मी तो ताबडतोब नणंदेला पाठवला. तिचं उत्तर आलं, "इतक्या लवकर?"

तेवढ्यात नवऱ्याचा फोन. "मुंब्र्याच्या अलीकडे अडकलोय. फास्ट लाइन बंद, सगळ्या गाड्या स्लो लाइनवर घेतायत, आणि पुढे लाइन क्लिअर मिळत नाहीये." एका दमात तीन! मी म्हटलं, मराठीत सांग. तो म्हणाला, "मराठीतच सांगतोय." आणि हे मात्र खरं होतं. त्याच्या मागे डब्यात कुणीतरी ओरडत होतं, "ओ, उतरणाऱ्यांनी लाइनीत या!"

शेवटी मीच खाली उतरले. सोसायटीच्या आवारात पेव्हर ब्लॉक बसवायचं काम चाललं होतं. एक गवंडी उकिडवा बसून दोन खिळ्यांमध्ये पिवळी दोरी ताणत होता, आणि त्याच्या पायाशी आमची काळी केबल स्वच्छ दोन तुकड्यांत पडली होती.

"दादा, ही लाइन तुम्ही तोडलीत?"

"ही व्हय? आमाला वाटलं जुनी हाय." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, लाइनदोरीवर पाय पडतोय तुमचा."

मी पाय काढला. मनात म्हटलं, लाइनदोरी. हाही एक अर्थ. पण ॲपवरून लाइनदोरी कोण मागवेल? पुढे गेले. इथे मी थांबायला हवं होतं, पण ते नंतर सांगते.

वर येऊन सासूबाईंना विचारलं, "आई, लाइन म्हटलं की तुमच्या डोक्यात पहिलं काय येतं?"

त्या डायनिंग टेबलवर ताटलीत मोती घेऊन बसल्या होत्या. नातीची माळ तुटली होती, ती ओवणं चाललं होतं. मान वर न करता म्हणाल्या, "तुझे सासरे."

माझे सासरे टेलिफोन खात्यात लाइनमन होते. त्या काळी घरी फोनची लाइन मिळावी म्हणून लोक वर्षानुवर्षं लाइनीत असत. मुलाच्या जन्माच्या वेळी नंबर लावावा आणि मुंजीला घंटी वाजावी. तर सासूबाईंच्या माहेरच्या वाड्यात एकदाचा नंबर लागला आणि खांबावरून लाइन ओढायला सासरे आले. "दोन तासांचं काम," सासूबाई म्हणाल्या, "आठ दिवस चाललं. रोज काहीतरी तपासायला यायचे."

"म्हणजे बाबा चक्क तुम्हाला लाइन मारत होते!"

"शी! तेव्हा असं बोलत नसत." त्यांनी एक मोती सरकवला. "सूत जुळलं म्हणायचे."

मी खुर्चीत बसलेच. सूत! म्हणजे आपणही तेच केलंय की. धाग्याला सूत म्हणायचं, गवंड्या-सुतारांच्या मापात इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, प्रेमात पडलं की सूत जुळलं, एखादी गोष्ट सरळ रेषेत आली की सुतात आली, कारस्थान उघडं पडलं की सूत्रधार सापडला. खुद्द सुतारसुद्धा मूळचा सूत्रधार, हातात मापाची दोरी धरणारा. मग जाडजूड कोश काढून इंग्रजीकडे बघितलं. ते लाइनही लॅटिनमधल्या लिनिया म्हणजे तागासारख्या धाग्यापासून आलेलं, आणि लिनिया आलं लिनम या झाडापासून. लिनम म्हणजे जवस. ज्याची चटणी आमच्या फ्रिजच्या दुसऱ्या कप्प्यात होती. लिनन कापडही तिथलंच. म्हणजे फास्ट लाइन, हेल्पलाइन, एअरलाइन, मरीन लाइन्स, सगळ्यांचं बी आमच्या चटणीत.

फारच आनंद झाला. घड्याळात साडेचार.

आणि डेडलाइन हा शब्द तर या घराण्यातला सगळ्यात वाईट चालीचा. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६४ साली, जॉर्जियातल्या अँडरसनव्हिलच्या तुरुंगात कुंपणाच्या आत एक हद्द आखली होती. कैद्याने ती ओलांडली की पहारेकऱ्याने गोळी घालायची. तिला डेडलाइन म्हणत. माझा ग्राहक त्यामानाने सज्जन. तो फक्त दहा टक्के कापतो.

पाचला पाच कमी असताना मी लॅपटॉप ओट्यावर, मोबाइल खिडकीच्या गजाला टेकवून उभी होते. इतर सगळे रकाने भरलेले. एकच रिकामा. तेव्हा मी डोकं चालवलं, आणि माझं तेच चुकतं. खरेदीचं ॲप आहे. सेल लागतो. गर्दी होते. 'तुम्ही रांगेत आहात' असं काहीतरी दिसत असणार. २१४ मध्ये लिहिलं : रांग. फाइल गेली. शेजारचा कुकर शिट्टी देऊन गप्प झाला.

रात्री उत्तर आलं. फाइल तपासायला त्यांच्याकडे एक मराठी माणूस होता आणि त्याने शब्द मूळच्या क्रमाने लावून, शेजारी लाल अक्षरांत शेरा मारला होता. ॲप मासेमारीच्या सामानाचं होतं. विभागाचं नाव होतं 'सामान', त्याखाली गळ, रांग, जाळं. शेरा असा : 'मॅडम, ग्राहक रांग विकत का घेईल? ती आपल्याकडे फुकट मिळते.'

दिवसभर सगळ्या जगाने मला सगळे अर्थ सांगितले, आणि लागणारा होता तो पहिलाच, धागा. गवंड्याने तर पायाखाली आणून दिला होता! पण आता नवी पंचाईत. गळाच्या धाग्याला काय लिहायचं? गळाची दोरी? मासेमारी धागा? असलं काही लिहिलं तर तो लाल अक्षरवाला पुन्हा आहेच.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं. मी सांगितलं.

"ते पांढरं, न तुटणारं? नायलॉनचं?" त्यांनी माळेची दोन्ही टोकं दिव्यापुढे धरून गाठ मारली. "तंगूस म्हणतात त्याला. हे काय, सकाळपासून हातात आहे माझ्या."

मी २१४ मध्ये तंगूस लिहिलं आणि फाइल परत पाठवली. लाल अक्षरवाल्याने फक्त एक अंगठा पाठवला.

"तुला एका शब्दाचे किती मिळतात गं?" सासूबाईंनी विचारलं.

"दीड रुपया."

त्यांनी उरलेलं तंगूस रिळावर गुंडाळलं आणि हात पुढे केला.