चमचा सांगितला, पोतं नाही

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तीन दिवसांपासून एकच मजकूर फिरतोय. 21 सप्टेंबर 1995 ला गणपती दूध प्यायला, हजारो लोकांनी डोळ्यांनी पाहिलं, त्यात डॉक्टरही होते, विज्ञानाला आजवर उत्तर सापडलं नाही, आणि शंका घेणारे धर्माचे वैरी.

उत्तर सापडलं नाही, हे साफ खोटं. केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान खात्याच्या शास्त्रज्ञांनी तेव्हाच दिल्लीतल्या एका देवळात दुधात रंग घालून चमचा मूर्तीला लावला. चमचा रिकामा होत गेला आणि रंगाचा ओघळ मूर्तीवरून खाली उतरताना दिसला. पृष्ठीय ताणामुळे, म्हणजे द्रवाचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो म्हणून, दूध चमच्याच्या काठावर फुगून राहतं, ओल्या दगडाला टेकलं की त्यावर ओढलं जातं आणि पातळ थराने निथळतं. पांढऱ्या संगमरवरावर तो थर दिसत नाही, इतकंच.

हजारोंनी पाहिलं, हे मात्र खरं. मीही पाहिलं. नऊ वर्षांची होते. नागपूरच्या महाल भागातल्या एका लहानशा देवळात आजीने माझ्या हाताला धरून स्टीलचा चमचा सोंडेला लावला. दूध गेलं! मी आनंदाने ओरडले. पण माझे अनवाणी पाय चिकट झाले होते. उंबऱ्याशी दूध साचलं होतं आणि पुजारीकाका पोत्याने ते सारखं टिपत होते, पोतं मोरीत पिळत होते. ते पोतंही रांगेतल्या प्रत्येकाने पाहिलं. घरी येऊन सगळ्यांनी चमचा सांगितला, पोतं कोणीच सांगितलं नाही.

डॉक्टर होते? असतील. रांगेत तेही भक्तच होते, तपासायला आले नव्हते.

'मग तुझी आजी खोटं बोलली का?' असं ग्रुपवर माझ्या काकांनी विचारलंय. नाही. आजी कधीच खोटं बोलली नाही आणि गोची तिथेच आहे. आपण सांगणाऱ्याला तोलतो, सांगितलेल्या गोष्टीला नाही. ऑगस्ट 2006 मध्ये माहीमचं समुद्राचं पाणी गोड झालं म्हणून लोक ते प्यायले, काहींनी ती तिथल्या दर्ग्यातल्या मखदूम बाबांची कृपा मानली. तेव्हा हेच काका टीव्हीसमोर बसून म्हणाले होते, 'अहो, पावसाचं पाणी आलं असेल, आधी तपासा तरी!' अगदी बरोबर म्हणाले होते.

आणि वैरी कोण? टेकडीच्या गणपतीला मी आजही जाते. सीताबर्डीची ती चढण चढताना मला बरं वाटतं, त्यासाठी त्याने दूध प्यायला हवं असं नाही. काकांना मी एवढंच लिहिलंय: माहीमला विचारलेला प्रश्न आजीच्या चमच्याला का नाही विचारला?