खुलासा : ७५ टक्क्यांची अट सगळ्या प्रोजेक्टना नाही

इंदूरच्या मराठी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक निरोप फिरतोय : ‘कॉलेजात ७५ टक्क्यांच्या खाली गुण असलेल्या मुलांना स्वतः ठरवलेल्या प्रोजेक्टचे क्रेडिट (पदवीसाठी जमवायचे श्रेयांक) मिळत नाहीत.’ हे चूक आहे आणि यामुळे हुशार मुलं उगाच मागे सरताहेत.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) पदवी अभ्यासक्रमांसाठीच्या डिसेंबर २०२२च्या आराखड्यात ही अट आहे ती चौथ्या वर्षी ‘ऑनर्स विथ रिसर्च’, म्हणजे संशोधनासह ऑनर्स पदवी, करणाऱ्यांसाठी. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के हवेत; पुढे १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प असतो. त्याआधीच्या लहान प्रोजेक्टना आराखड्याने ती लावलेली नाही.

खरी अडचण येते प्रोजेक्टच्या प्रस्तावात. क्षेत्रकार्याचं (बाहेर प्रत्यक्ष जागेवर जाऊन केलेल्या कामाचं) एक क्रेडिट म्हणजे सत्रभरात सुमारे ३० तास. चार क्रेडिट मागत असाल तर १२० तासांचं काम कागदावर दिसायला हवं. ‘इंदूरची स्वच्छता’ एवढ्यावर कुणी सही करणार नाही. ‘सराफ्यातल्या (इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातल्या) दहा खाऊच्या दुकानांचा ओला कचरा, आठवड्यातून दोन रात्री, दुकानं मिटताना तोलून’ असं लिहा, मग मार्गदर्शकाला धरायला काहीतरी मिळतं. तराजू कुणाचा, दुकानदारांची परवानगी कशी, हेही त्यातच लिहा.

आणि प्रस्तावावर तारखेसह सही झाल्यावरच कामाला लागा.