उलटे विसर्जन

ओटावात राहणाऱ्या माणसाच्या बोटीला वर्षातून जेमतेम पाच महिने पाणी लाभते. उरलेले सात महिने ती जमिनीवर, लाकडी ठोकळ्यांवर बसून राहते आणि त्या बसण्याचेही भाडे द्यावे लागते. बोट घेताना हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते, असे नाही. विकणाऱ्या गृहस्थांनी सांगितले होते, विम्याच्या कागदांत लिहिलेले होते आणि बायकोने तर तीन वेळा विचारले होते. परंतु बोट पाहायला आम्ही जून महिन्यात गेलो होतो, आणि कॅनडात जूनमध्ये हिवाळ्याचा विषय काढणे हे लग्नाच्या मांडवात बाराव्याचा विषय काढण्यासारखे असते.

२०२२ च्या ऑगस्टअखेर मरीनाकडून, म्हणजे बोट ठेवायच्या धक्क्याकडून, हिवाळी भाड्याचे पत्रक आले. आकारणी फुटावर होती. आमची बोट कागदोपत्री सव्वीस फुटांची. पण मरीनाचा माणूस टेप घेऊन आला आणि त्याने पुढे नाकावर असलेली नांगराची फळी व मागची पोहायला उतरण्याची फळी, अशा दोन्ही टोकांना धरून ती एकोणतीस फूट भरवली. दोन वर्षांत माणसाचे पोट सुटते हे ठाऊक होते, बोट सुटलेली प्रथमच पाहिली. मी वाद घातला, तेव्हा त्याने शांतपणे करारातील बारीक अक्षरांवर बोट ठेवले, आणि हे बोट मात्र अगदी मापात होते.

शोधाशोध केल्यावर न्यूबरो तळ्याच्या काठी बोटी ठेवायचे एक यार्ड सापडले. तेथील दर मरीनाच्या दोन-तृतीयांश होता. अडचण एवढीच की बोट ओटावाच्या मॅनोटिक भागात, यार्ड शंभरेक किलोमीटर दूर आणि आमच्याकडे ट्रेलर नाही. ट्रकवर लादून न्यायचे भाडे विचारले, तर वाचणारे सगळे पैसे रस्त्यातच संपत होते. तेव्हा मला ती कल्पना सुचली, जिच्यामुळे हा लेख लिहावा लागत आहे : बोट पाण्यातून न्यावी. ओटावापासून किंग्स्टनपर्यंत २०२ किलोमीटरचा रिडो कालवा १८३२ पासून याच कामासाठी वाहतो आहे, युनेस्कोने २००७ साली त्याला जागतिक वारसा ठरवले आहे, शिवाय ऑक्टोबरात काठावरचे मेपल लाल होतात. सहल होईल आणि पैसेही वाचतील. बायकोने लॅपटॉप उघडून एक तक्ता केला आणि त्याच्या शेवटच्या ओळीला ‘बचत’ असे नाव दिले. त्या ओळीत तेव्हा खरोखरच एक आकडा होता.

या सहलीला मुहूर्त आपण काढायचा नसतो. थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे ऑक्टोबरातील दुसऱ्या सोमवारच्या सुमारास कालव्याची लॉक, म्हणजे बोटी वर-खाली चढवणारे दारांचे हौद, बंद होतात, पाणी उतरवले जाते आणि मग जी बोट जिथे असेल तिथे ती अडकते. एकीकडे ही तारीख, दुसरीकडे आमचे नवरात्र. दसरा ५ तारखेला होता आणि त्याआधी घर सोडायचे नाही, हे ठरलेलेच होते. पंचांगात डोके घालून बसलेली बायको अचानक म्हणाली, “अरे, रविवारी नऊला कोजागरी आहे. दूध बोटीवर आटवू.” त्या क्षणापासून मोहिमेचे नेतृत्व माझ्याकडे राहिले नाही.

सोबत सासरे होते. ते मूळचे हर्णैचे. मुलीकडे सहा महिन्यांसाठी आले होते आणि परतीचे तिकीट महिनाअखेरचे होते. त्यांचे सारे आयुष्य होड्या पाहण्यात गेलेले, त्यामुळे आमच्या बोटीविषयी ते आदरपूर्वक मौन पाळत असत. निघताना एवढेच म्हणाले, “जावईबापू, आमच्याकडे पावसाळा आला की कोळी लोक होड्या खाडीत नेतात, ओढून वर घेतात आणि झापांनी शाकारतात. नारळी पौर्णिमेला पुन्हा पाण्यात. त्याला भाडे पडत नाही.” मी त्यांना फुटांचा दर सांगितला नाही.

शुक्रवारी दुपारी निघालो. तक्त्याप्रमाणे संध्याकाळी मेरिकव्हिलला पोचायचे होते. प्रत्यक्षात बरिट्स रॅपिड्सला पोचेपर्यंत पहिल्याच लॉकची बंद व्हायची वेळ आली. ऑक्टोबरात लॉकचे तास कमी असतात आणि अरुंद पात्रात ताशी दहा किलोमीटरच्या वर जाता येत नाही. या दोन्ही गोष्टी मला ठाऊक होत्या, फक्त त्या एकाच दिवशी लागू होतील, असा विचार मी केला नव्हता. कालव्याला समांतर जाणाऱ्या रस्त्यावरून एक आजीबाई सायकलने आमच्या पुढे निघून गेल्या. त्यांनी हातही हलवला.

आमच्या वाटेवर एकूण सोळा लॉक होती. ज्यांनी लॉक पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो : दगडी भिंतींचा एक लांबट हौद, दोन्ही टोकांना अजस्र लाकडी दारे. बोट आत घ्यायची, मागचे दार लावायचे, हौद भरायचा आणि बोट वर आली की पुढचे दार उघडायचे. रिडोवरची बहुतेक लॉक आजही हाताने चालतात. दोन-दोन माणसे लोखंडी रहाटाच्या दांड्याला रेटतात आणि साखळी कण्हत दार उघडते. आत शिरण्यापूर्वी धक्क्याच्या निळ्या रेघेशी बोट लावून थांबायचे, तीच आपली अर्जी. आत गेल्यावर इंजिन बंद करायचे आणि भिंतीवरून लोंबणाऱ्या जाड केबलभोवती दोर नुसता फिरवून हातात धरायचा. बांधायचा नाही, कारण पाणी चढेल तसा तो वर सरकला पाहिजे. हे ‘धरायचा, बांधायचा नाही’ बायकोला पहिल्याच लॉकमध्ये जमले. मला सोळाव्यापर्यंत जमले नाही. दुसऱ्या लॉकमध्ये तर मी सवयीने गाठ मारली, पाणी चढले, बोट एका अंगाला कलली आणि स्टोव्हवरचा चहा ठरल्या जागी न राहता माझ्या मोज्यात गेला. रहाटावरच्या विद्यार्थिनीने वरून वाकून विचारले, “सर, ही तुमची पहिलीच वेळ का?” सासऱ्यांनी दुसरीकडे पाहिले.

किलमारनॉकच्या लॉकवर मात्र सासऱ्यांनी परवानगी मागून स्वतः रहाट फिरवला. घरच्या विहिरीवरचा सराव कामी आला. रहाटावरच्या मुलाने त्यांना टाळी दिली आणि पुढचे दोन दिवस ते प्रत्येक लॉकवर कोट काढून ठेवून तयार उभे राहू लागले. पुढे पूनमली नावाचे लॉक लागले. हे नाव मद्रासजवळच्या पूनमल्लीवरून आलेले आहे, हे मी त्यांना सांगितले, तेव्हा त्यांनी तेथील पाटीला नमस्कार केला. तेरा हजार किलोमीटर लांब येऊन मद्रासचे स्टेशन लागल्याचे समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होते.

पाण्यातल्या खुणांविषयी बोलले पाहिजे. उगमाकडे, म्हणजे प्रवाहाविरुद्ध जाताना लाल खुणा उजव्या हाताला आणि हिरव्या डाव्या हाताला ठेवायच्या असतात. हे माझ्या लक्षात राहावे म्हणून बायकोने जेवणाचे ताट योजले होते : डावीकडे कोशिंबीर आणि हिरवी चटणी, उजवीकडे तिखट रस्सा. तीन दिवस हे ताट उत्तम चालले. परंतु रिडो कालव्याचा माथा अपर रिडो तळ्यात आहे आणि न्यूबरोच्या लॉकनंतर पाणी किंग्स्टनच्या बाजूला उतरू लागते. तिथून लाल खुणा डावीकडे येतात. मी मात्र त्याच ताटावर जेवत राहिलो आणि एका लाल खुणेच्या चुकीच्या बाजूने बोट अशी नेली की खालून खडकाचा खरखर आवाज आला. बायको फक्त म्हणाली, “ताट फिरवलेस का?” पंगतीत अशी चूक झाली असती, तर फार तर वाढप्याने माफी मागितली असती, इथे पंख्याच्या एका पात्याचा कोपरा गेला.

कोजागरीला आम्ही नॅरोजच्या लॉकपाशी बोट बांधून होतो. तळ्यावर चंद्र पूर्ण होता आणि थंडी इतकी की मसाला दुधावर साय धरायच्या आत ते गार होत होते. चिवड्याचा मोठा डबा मध्ये ठेवला होता. चिवडा खाताना कढीपत्त्याची पाने बाजूला काढण्याची माझी लहानपणापासूनची खोड आहे. सासऱ्यांनी माझ्या वाटीकडे पाहिले, पण जावयाला काही बोलायचे नसते. मग मी त्यांना या कालव्याची हकीकत सांगितली. लेफ्टनंट कर्नल जॉन बाय यांनी सहा वर्षांत जंगल आणि खडक फोडून तो बांधला, न्यूबरोच्या खडकात तर हिवतापाने माणसे पटापट मेली. “इथे? हिवताप?” सासरे म्हणाले. इथेच, आणि त्यात स्वतः बायसाहेबही आजारी पडले होते. कालवा पूर्ण झाल्यावर, खर्च अंदाजाबाहेर गेला म्हणून त्यांना लंडनला परत बोलावून त्यांची चौकशी लावली. बायकोने या ठिकाणी तक्त्याची आठवण काढली. त्या रात्रीपासून कर्नल बाय मला फार जवळचे वाटू लागले आहेत.

मंगळवारी सकाळी यार्डात बोट वर काढली. चाकांवर चालणारी एक उंच चौकट येते, तिचे दोन रुंद पट्टे बोटीच्या पोटाखालून घेतात, आणि तीन दिवस जिच्या डुलण्याने आपल्याला मळमळत होते, ती वस्तू हवेत निमूटपणे लोंबकळू लागते. तिच्या पोटाला शेवाळ चिकटलेले होते आणि पाणी ठिबकत होते. सासऱ्यांनी हात जोडले. “आपण गणपती पाण्यात सोडतो, तुम्ही पाण्यातून काढता,” ते म्हणाले, आणि मग बोटीकडे पाहून अगदी मनापासून, “पुढच्या वर्षी लवकर या.” यार्डाच्या माणसांनी आदराने टोप्या काढल्या, त्यांना बहुधा कोणी गेले असे वाटले.

त्यानंतर बिल आले. दर खरोखर दोन-तृतीयांश होता, पण तो केवळ जागेचा. बोट उचलणे वेगळे, ठोकळ्यांवर बसवणे वेगळे, तळ धुणे वेगळे आणि पांढऱ्या प्लास्टिकचे गरम करून घट्ट बसवलेले आवरण वेगळे. ते पुन्हा फुटावर, आणि तेथील टेपनेही ती एकोणतीस फूटच भरली. त्यात पेट्रोल, लॉकचा परवाना, पाते, आणि ओटावाहून आम्हाला गाडीने न्यायला आलेल्या मित्राचे जेवण. इंजिनाची हिवाळी तयारी तरी स्वतःच करायची, असे मी ठरवले. आवरण चढायच्या आत, पुढच्या शनिवारी.

त्याचे कारण साधे आहे : पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते, आणि इंजिनाच्या ओतीव लोखंडात पेलाभर पाणी राहिले तरी ब्लॉक तडकतो. म्हणून सगळे पाणी काढायचे आणि नळांत, टाक्यांत, शौचालयात गुलाबी अँटीफ्रीझ भरायचे. मी बोटीखाली ताडपत्रीवर उताणा झोपलो आणि गिअरच्या तेलाचा खालचा स्क्रू सैल केला. त्या भोकातून काय निघते त्यावर मालकाचे वर्षाचे भविष्य ठरते : तेल काळपट निघाले तर ठीक, दुधाळ निघाले तर आत पाणी शिरले. क्षणभर काहीच आले नाही. मग एक थेंब भोकाच्या काठावर लोंबला, मोठा झाला आणि माझ्या चश्म्यावर पडला. रंग काळपट होता. इतक्या घाणेरड्या गोष्टीने इतका आनंद मला पूर्वी कधी झाला नव्हता. वर मात्र बायकोने स्वयंपाकघरातला नळ उघडलेला होता, आणि पंप चालू केल्यावर गुलाबी धार सिंकऐवजी कुठल्याशा सुटलेल्या सांध्यातून थेट सासऱ्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर गेली. त्यांनी फक्त “होळी का?” असे विचारले आणि ते रहाटाच्या आठवणीत पुन्हा गढून गेले.

दिवाळीपर्यंत तक्त्यातील ‘बचत’ या ओळीत उणे चिन्ह आले होते. सासरे परतले. जानेवारी सरला, आणि फेब्रुवारीत ओटावाच्या लोकांनी असे काही पाहिले, जे कोणीच पाहिले नव्हते : दर हिवाळ्यात कालव्याच्या गोठलेल्या पाण्यावर होणारी ७.८ किलोमीटरची स्केटिंगची वाट त्या वर्षी एकही दिवस उघडली नाही, कारण बर्फ पुरेसे जाडच झाले नाही. पन्नासेक वर्षांत प्रथमच. आम्ही काठावर उभे होतो, खांद्यावर स्केट टांगलेली माणसे निराश होऊन परतत होती. बायको बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “मग बोट पाण्यातच ठेवली असती, तर?” मी तिला न्यूबरोचे तळे वेगळे आणि बोट गोठायला इंचभर बर्फही पुरते, हे समजावून सांगितले. उत्तर शास्त्रशुद्ध होते. उपयोग झाला नाही.

मे महिन्यात आवरण फाडून आत शिरलो, तेव्हा कोजागरीच्या रात्री विसरलेला चिवड्याचा प्लास्टिकचा डबा कपाटात सापडला. एका कोपऱ्याला उंदराने नीट गोल भोक पाडले होते. पोहे, शेंगदाणे, डाळे, खोबऱ्याचे काप, सगळे संपले होते. तळाशी कढीपत्त्याची पाने तेवढी शिल्लक होती, एका बाजूला काढून ठेवलेली.